कापडी टपाची कन्व्हर्टिबल घरी धुणे आणि जपणे

उघडाटप
दोन सीटची कन्व्हर्टिबल. टप काळा, कापडी. मागची खिडकी पारदर्शक प्लास्टिकची, चेनवाली. कापडाचा काळा रंग मातकट दिसतोय. पाण्याचे थेंब आधी टपावरून घरंगळून जायचे, आता पाणी पडल्याबरोबर कापड गडद होतं. खिडकी धुरकट झालीय. शिवाय उजव्या सीटमागचा गालिचा हाताला दमट लागतो आणि तिथे कुबट वास येतो. यातलं घरी काय काय करता येईल, कोणत्या क्रमाने, आणि कशाला हात लावू नये? क्लीनर, प्रोटेक्टंट, ड्रेसिंग, रिव्हायव्हर अशा बाटल्या बघून डोकं चक्रावतं.

पन्हळवाला
आधी तो गालिचा. टप धुवायला अजिबात घेऊ नका. निचरा तुंबलेला असताना टपावर पाच बादल्या ओतल्यात तर त्यातल्या दोन गाडीच्या आत जातील.

कापडी टपाच्या गाडीत पाणी कडेला अडवत नाहीत, वाट करून देतात. टपावरून उतरलेलं पाणी मागच्या आणि बाजूच्या पन्हळीत जमतं, तिथून भोकात, भोकातून नळीवाटे गाडीखाली. पन्हळीत पानं, धूळ, कापडाचे तंतू जमून त्यांचा चिखल झाला की पाणी पन्हळीची कड ओलांडून सीटमागे उतरतं. टप गळतोय असं वाटून लोक नवा टप बसवतात आणि गालिचा ओला तो ओलाच राहतो.

भोकं कुठे आहेत ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. माझदा एमएक्स-५ मध्ये ती दोन्ही बाजूंना, सीटबेल्टच्या खांबामागे असतात आणि पाणी मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतं. बीएमडब्ल्यू झेड४ च्या ई८५ या पिढीत तर टपाची हायड्रॉलिक मोटर डावीकडच्या निचऱ्याच्या खोबणीतच बसवलीय. भोक तुंबलं की मोटर बुडते आणि टप अर्ध्यावर अडकतो.

तपासणी सोपी आहे. टप अर्धवट मागे घ्या म्हणजे पन्हळ दिसेल. प्रत्येक भोकात पाव लिटर पाणी हळूहळू ओता आणि गाडीखाली बघा. दोन-चार सेकंदांत धार पडली तर निचरा ठीक. थेंब थेंब पडले किंवा पाणी उभं राहिलं तर तुंबलंय.

उघडाटप
ओतलं. डावीकडे धार. उजवीकडे पाणी तसंच उभं, खाली अधूनमधून एखादा थेंब, तोही काळा.

पन्हळवाला
म्हणजे चिखलाचा बुच आहे. गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची दोरी घ्या, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची, मीटरभर. टोक काडीने वितळवून गोल करा, नाहीतर ते नळीला भोक पाडेल. आधी पन्हळीतला सुटा कचरा बोटांनी आणि व्हॅक्यूमने काढा. मग दोरी शक्यतो खालच्या तोंडाने वर ढकला. वरून ढोसलंत तर बुच खाली आणखी घट्ट बसतो. खालून ढकललात तर गाळ वर येतो आणि ओढून घेता येतो. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चपटं रबरी तोंड असतं, पाणी जाऊ देणारं पण धूळ वर न येऊ देणारं. तिथे खालून घुसू नका. ते तोंड दोन बोटांत चिमटून चोळा, बहुतेक वेळा गाळ तिथेच अडकलेला असतो.

तार नको. कंप्रेसरची हवाही नको. नळीचा सांधा आत पत्र्यामागे निसटला तर बाहेरून कळत नाही, आणि मग सगळा निचरा थेट गाडीच्या पोटात.

मोकळं झाल्यावर लिटरभर कोमट पाणी सोडा, खाली स्वच्छ येईपर्यंत.

आता गालिचा. वरून कोरडा लागला म्हणून सोडू नका, त्याच्याखाली स्पंजसारखा फोम असतो आणि तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी सोडवा, कारण सीटखाली एअरबॅगचे प्लग असतात. गालिचा उचलून फोमवर जाड टॉवेल दाबा, ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर उत्तमच, आणि मग खाली काहीतरी टेकू लावून दोन-तीन दिवस पंखा. फोम वाळल्याशिवाय वासावर कसलाही फवारा मारण्यात अर्थ नाही. वायरींचे जोड आणि काही गाड्यांत इलेक्ट्रॉनिक डबेही याच भागात असतात, म्हणून हे काम टप काळा करण्याच्या आधीचं.

शिवणदोरा
पन्हळवाल्यांना अनुमोदन. आता कापडाकडे.

या टपाचं 'कापड' तीन थरांचं असतं. वर विणलेलं अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर, मध्ये रबराचा थर, खाली अस्तर. पाणी आत येऊ न देणं हे मधल्या रबराचं काम. वरच्या प्रोटेक्टंटचं काम वेगळं: वरचं कापड भिजू नये, म्हणजे त्यात मळ बसत नाही, शेवाळ धरत नाही आणि टप लवकर वाळतो. पाणी मुरताना दिसतंय म्हणजे टप गळायला लागला असं नाही. पण ओलं राहणारं कापड मळ ओढतं आणि घडीच्या रेषांवर लवकर झिजतं.

दुसरं, थेंब न धरणं हे दर वेळी प्रोटेक्टंट संपल्याचं लक्षण नसतं. धुळीचा थर किंवा उरलेला साबण हेही पाणी ओढतात. म्हणून आधी धुवा, पूर्ण वाळवा, पाणी शिंपडा आणि मग बाटली विकत घ्यायची की नाही ते ठरवा.

धुण्याची पद्धत:

गाडी सावलीत, टप हाताला थंड, पूर्ण लावून खिट्ट्या बसवलेला. कोरडा असतानाच मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमने शिवणी आणि कडा साफ करा. ही पायरी गाळली की धुळीचा चिखल होऊन विणीत बसतो. मग साध्या नळीने, कमी दाबाने, वरून खाली भरपूर पाणी. सोबत बाजूच्या पत्र्यावरही पाणी मारा, म्हणजे उतरणारा फेस रंगावर वाळणार नाही.

कापडी टपासाठीचा क्लीनर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. तो नसेल तर गाडी धुण्याचा न्यूट्रल (ना आम्ल, ना क्षारीय) शाम्पू चालतो, ज्यात मेण किंवा 'ग्लॉस' घातलेला नाही असा. टपाचे चार भाग पाडा. एका वेळी एकच भाग, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ फेस ठेवायचा नाही. ब्रश घोड्याच्या केसांचा किंवा तितकाच मऊ. हात विणीच्या दिशेने पुढे-मागे, गोल गोल नाही. गोल घासल्याने तंतू उभे राहतात आणि वाळल्यावर उन्हात पांढुरके भोवरे दिसतात. फेस राखाडी येईल. धुवा, पुन्हा लावा. जुन्या टपाला दोन-तीन फेऱ्या सहज लागतात.

मग खंगाळणं. लोक इथेच घाई करतात. फेस दिसेनासा झाला म्हणजे साबण गेला असं नव्हे. ओल्या कापडावर तळहात दाबून बघा, बोटांभोवती बारीक बुडबुडे आले की अजून आहे. साबणाचं कामच पाण्याला कापडात शिरवणं आहे. तो उरला तर वर कितीही महाग प्रोटेक्टंट मारा, पाणी मुरणारच, आणि दोष बाटलीला जाणार.

लिंबूटिंबू
कापडच आहे तर कपड्यांची पावडर आणि नंतर थोडा फॅब्रिक सॉफ्टनर का नको?

शिवणदोरा
पावडर क्षारीय असते, नीट विरघळत नाही आणि तिचे कण विणीत राहतात. आणि सॉफ्टनर तर धाग्यावर पाणी झटकण्याचा गुण मारणारा थर मागे ठेवतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

दोनबादल्या
बुरशीचे काळे ठिपके असतील तर? छत्र्या-चांदण्यांचं (चांदणी म्हणजे उन्हासाठी ताणलेलं कापडी छत) अॅक्रिलिक कापड पातळ ब्लीच सहन करतं, त्याच्या धुण्याच्या सूचनांतही ते असतं. मग टपालाच मनाई का?

शिवणदोरा
प्रश्न रास्त आहे. तंतू बनवतानाच रंग मिसळलेलं अॅक्रिलिक ब्लीच सोसतं, हे खरं. पण चांदणी म्हणजे नुसतं कापड, टप म्हणजे कापड अधिक रबर, शिवणीचा दोरा, कडेची पट्टी, आतली ताण देणारी इलॅस्टिकं, खिडकीचा चिकटवलेला जोड आणि खाली गाडीचा रंग. शिवाय तुमच्या टपाचं वरचं कापड अॅक्रिलिक आहे की पॉलिएस्टर, हे बघून सांगता येत नाही. ब्लीचला नाहीच म्हणा.

ठिपक्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. आधी आतल्या कडेला, दिसणार नाही अशा जागी लावून बघा. ठिपक्यावर शिंपडून दहा मिनिटं, मऊ ब्रश, भरपूर पाणी. काळी सावली राहिली तरी बुरशी बहुधा मेलेली असते, ती घासून घासून काढायला जाऊ नका, कापड विरळ होईल.

पक्ष्याची घाण सुकली असेल तर ओलं फडकं तिच्यावर दहा मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, चोळू नका. झाडाचा डिंक असेल तर प्लास्टिकच्या पिशवीतून बर्फ लावून कडक करा, मग चुरा करून उचला.

दोनबादल्या
पत्र्याबद्दल थोडं, कारण क्रम चुकला की काम दुप्पट होतं. टप आधी, पत्रा नंतर. टपाचा क्लीनर पत्र्यावरचं मेण थोडंफार नेतोच. मग पत्रा नेहमीप्रमाणे: एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, तळाशी जाळी, आणि टपाचा ब्रश पत्र्याला लावायचा नाही. मेण शेवटी, आणि टपाच्या कडेपासून बोटभर लांब. मेण कापडावर वाळलं की पांढरी रेघ उमटते.

धुताना आणि धुतल्यावर लगेच दार उघडू नका. या गाड्यांच्या काचांना चौकट नसते. बऱ्याच गाड्यांत दाराचा खटका ओढला की काच काही मिलिमीटर खाली सरकते आणि बीडिंगच्या, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीच्या, वर साठलेलं पाणी थेट सीटवर येतं. आधी टपाची कड आणि काचेची वरची धार फडक्याने टिपून घ्या.

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर रुंद फवाऱ्याचं तोंड लावा, किमान अर्धा मीटर अंतर ठेवा आणि शिवणी, बीडिंग, खिडकीचा जोड पूर्ण टाळा. फिरत्या ब्रशांच्या स्वयंचलित धुलाईत कापडी टप नेऊ नये. ब्रशमधली आधीच्या गाडीची रेती विणीवर घासली जाते आणि शेवटच्या गरम मेणाचे चट्टे कापडावर बसतात.

धुरकट
खिडकीचं कोणी बोललं नाही अजून. प्लास्टिकची खिडकी म्हणजे मऊ पीव्हीसी. तिला काचेचा क्लीनर लावू नका. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या द्रावणाने ती कडक आणि धुरकट होते. कोरड्या फडक्याने धूळ पुसणं हा दुसरा गुन्हा. निम्मे ओरखडे त्यातूनच येतात.

आधी पाण्याची धार, मग शाम्पूचं पाणी तळहाताने फिरवा. हो, उघड्या हाताने. रेतीचा कण बोटाला लगेच कळतो, फडक्याला कळत नाही. स्वच्छ मायक्रोफायबर पसरून नुसतं टिपा. धुरकटपणा वरवरचा असेल तर प्लास्टिक पॉलिश. आतून कोणीतरी घडी केलेला टॉवेल टेकवून धरा, नाहीतर खिडकी दबते आणि दाब एकसारखा पडत नाही. तळहाताएवढा तुकडा, नाण्याएवढं पॉलिश, हलका हात, फडकं वारंवार पालटत. आतली बाजूही करा, धुरकटपणाचा बराच वाटा आतल्या बाजूचा असतो.

पिवळेपणा प्लास्टिकच्या अंगात मुरलेला असेल तर पॉलिशने जात नाही. नखाने हलकं दाबून बघा. कडक लागत असेल, बारीक तडे दिसत असतील तर पॉलिशची मेहनत वाया. खिडकीचा भाग वेगळा शिवून बदलता येतो, त्यासाठी पूर्ण टप लागत नाही.

आणि चेन दिलीय ती वापरण्यासाठी. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या एमएक्स-५ ला अशीच खिडकी आहे. टप खाली करण्याआधी चेन उघडून खिडकी सपाट निजवायची, म्हणजे मधोमध कायमची घडी पडत नाही. १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासून काच आली आणि प्रश्न मिटला. थंडीत प्लास्टिक ताठ होतं. खोलीत गारठा वाटावा इतकी थंड हवा असेल तर टप उघडू नका, खिडकी तडकते.

शिवणदोरा
आता वाळवणं आणि प्रोटेक्टंट.

पाणी फडक्याने दाबून टिपा, ओढून पुसू नका. मग टप लावलेलाच ठेवून वाऱ्यावर पूर्ण एक दिवस. वरून दोन तासांत कोरडा वाटतो, पण शिवणींत आणि कडेच्या दुहेरी पट्टीत ओल असते. ओला टप मिटून ठेवला तर तीन गोष्टी होतात: घडीत बुरशी धरते, कापड घडीच्या जागी सुरकुततं, आणि ओल अस्तरापर्यंत उतरून आत डाग पडतात. रस्त्यात पाऊस लागून टप ओला मिटावा लागलाच, तर घरी येऊन तो वर लावून वाळत ठेवा, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी.

रंग फार उडाला असेल तर प्रोटेक्टंटच्या आधी पाण्यात मिसळणारा रिव्हायव्हर, म्हणजे कापडाचा रंग परत आणणारं द्रव. प्रोटेक्टंट मारल्यावर रंग धरणार नाही.

कापडाला फ्लोरोपॉलिमर (पाणी आणि तेल झटकणारं रसायन) असलेलं फॅब्रिक प्रोटेक्टंट लागतं. व्हायनलचं चकचकीत ड्रेसिंग कापडावर मारू नका, ते मळ धरतं आणि त्यातलं सिलिकॉन पुढच्या प्रोटेक्टंटला चिकटू देत नाही. उलट टप व्हायनलचा असेल, म्हणजे वीण नसून चामड्यासारखी उमटवलेली नक्षी असेल, तर त्याला फॅब्रिक प्रोटेक्टंटचा उपयोग नाही. त्याला अतिनील किरणांपासून जपणारं, पाण्यात मिसळणारं व्हायनल प्रोटेक्टंट हवं.

हवा कोरडी, वारा नाही, तापमान साधारण २० अंशांच्या वर. काचा, प्लास्टिकची खिडकी आणि टपाच्या भोवतीचा पत्रा पातळ प्लास्टिकने झाका. चिकटपट्टी रंगाचीच, कमी चिकट. १५ ते २० सेंटिमीटरवरून फवारा, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत, कापड समान ओलसर दिसेल इतकंच. तेवढं मुरलं की दुसरा हात आडवा. शिवणींवर एक पट्टा जादा, कारण सुईच्या भोकांतूनच पाणी आधी शिरतं. दोन सीटच्या टपाला दोन हातांना मिळून साधारण अर्धा लिटर लागतं. त्यानंतर किमान १२ तास, शक्यतो पूर्ण दिवस, पाणी नाही आणि टप मिटायचा नाही. पत्र्यावर उडालेलं ओलं असतानाच पुसा.

रबरपट्टी
बीडिंगकडे कोणी बघत नाही आणि मग टप कुरकुरतो म्हणून तक्रार. शाम्पूच्या पाण्याने पुसा, वाळवा, सिलिकॉन ग्रीस किंवा रबरासाठीचं द्रव बोटावर घेऊन अगदी पातळ चोळा, पाच मिनिटांनी जादाचं टिपा. वर्षातून तीन-चारदा पुरे.

लिंबूटिंबू
पेट्रोलियम जेली का नाही? घरात असते, रबर मस्त मऊ होतं.

रबरपट्टी
मऊ होतं, कारण फुगतं. बीडिंगचं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारं कृत्रिम रबर) असतं आणि खनिज तेल त्याचं वैरी. फुगलेली पट्टी काही महिन्यांत आकार सोडते आणि काचेशी बसणारी धार गोल होते. मग गळती सुरू. सिलिकॉन ईपीडीएमला काही करत नाही.

टपाच्या सांगाड्याच्या बिजागऱ्यांना कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण, एकेक थेंब, कापडामागे पुठ्ठा धरून. हायड्रॉलिक दांड्यांना तेल-ग्रीस काही लावायचं नाही, स्वच्छ फडक्याने पुसायचं बस. घडीच्या पत्र्याच्या टपालाही हेच, फक्त तिथे दोन पत्र्यांमधल्या खाचेतली रेती आधी काढा, नाहीतर प्रत्येक घडीला ती रंग खरवडते.

पन्हळवाला
बरेच दिवस गाडी उभी राहणार असेल तर टप लावून, खिट्ट्या बसवून ठेवा. मिटलेलं कापड आखडतं आणि मग पुढची खिट्टी लागता लागत नाही. कव्हर हवा खेळू देणारं, आणि गाडी धूळभरली असताना घालायचं नाही. आत ओल शोषणारा कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवणार असाल तर सपाट जागी, ट्रेमध्ये. त्यातलं साठलेलं पाणी सांडलं तर पत्रा खातं.

उघडाटप
वाचनखूण साठवली. क्रमाने सगळं केलं, उजवीकडे आता धार पडते. पाणी थेंब धरतंय, पण मागच्या कोपऱ्यात कापडावर पांढुरके पट्टे राहिलेत.

शिवणदोरा
तिथे जास्त बसलंय, बहुधा फवारा वळताना हात थांबला. पुन्हा प्रोटेक्टंट मारू नका. मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून झटका, विणीच्या दिशेने हलके दहा-बारा हात, टिपून घ्या, वाळू द्या. उरलंच तर एकदा परत. मग त्याच कोपऱ्यावर चमचाभर पाणी टाकून मिनिटभर बघा: थेंब गोल राहिला तर झालं, खाली गडद ठिपका उमटला तर तेवढ्याच भागाला एक पातळ हात आणि पुन्हा एक दिवस टप लावलेला.